पापा जो

अमेरिकेतील मिसिसिपी नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत येऊन मेक्सिकोच्या आखाताला मिळते. तिच्या मुखापासून सुमारे शंभर मैल वर, नदीने घेतलेल्या एका मोठ्या वळणावर, न्यू ऑर्लिन्स हे बंदर वसलेले आहे. १७१८ साली फ्रेंचांनी ते वसविले. मध्यंतरी काही काळ त्यावर स्पेनच्या राजाचा अंमल होता. आणि १८०३ साली अमेरिकेने ते विकत घेतले. या शहरात फ्रेंच होते, स्पॅनिश होते, जर्मन आणि इटालियनही होते. पण त्याच्या संगीताला खरा रंग चढला तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून आणलेल्या लोकांमुळे. आठवडाभर राबणाऱ्या या लोकांना रविवारी एका मोकळ्या मैदानात जमण्याची मुभा होती. तेथे ते आपले ढोल वाजवीत, आपल्या मुलखाची गाणी गात आणि फेर धरून नाचत.

१८६५ साली अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली. गुलामगिरी गेली, पण अपमान गेला नाही. काळ्या लोकांना आगगाडीत डबा वेगळा, मुलांना शाळा वेगळी, इस्पितळात खाट वेगळी. या भेदाविरुद्ध न्यू ऑर्लिन्समधील होमर प्लेसी नावाचा गृहस्थ १८९२ साली मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला. परंतु १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरुद्ध निकाल दिला, आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तो भेद कायदेशीर समजला गेला. अशा त्या शहरात काळ्या माणसाला चारचौघांत मान मिळावा अशा जागा फार थोड्या होत्या. त्यांतलीच एक म्हणजे बँडच्या अग्रभागी कॉर्नेट वाजविणाऱ्याची जागा.

लग्नाच्या वरातीपुढे वाजणारा बँड तुम्ही पाहिलाच असेल. त्यात पितळेची चकचकीत तुतारी असते; तिला इंग्रजीत ट्रंपेट म्हणतात. कॉर्नेट हे त्याच जातीचे, पण आकाराने थोडे आखूड व आवाजाने थोडे मऊ असे वाद्य आहे. त्याला कळा असतात अवघ्या तीन. मग इतके सूर निघतात कसे? वाजविणारा आपले ओठ मिटून वाद्याच्या तोंडाशी असलेल्या लहानशा पेल्यावर टेकवितो आणि त्यांतून फुंकर सोडतो. ओठ थरथरतात, आणि त्या कंपनाने नळीतील हवा निनादू लागते. ओठ जितके अधिक आवळावे तितका सूर वर चढतो. म्हणजे कळा बोटांच्या असल्या तरी खरी करामत ओठांची. आणि ओठांना आधार असतो तो दातांचा व हिरड्यांचा. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे या कथेत तिचे काम पडणार आहे.

न्यू ऑर्लिन्समध्ये बँडवाचून पान हलत नसे. वनभोजन असो, नाच असो, सणाची मिरवणूक असो, बँड हवाच. कोणाच्या नाचगृहाची जाहिरात करावयाची असली की बँड घोडागाडीत बसून गावभर वाजवीत फिरे. दोन गाड्या एकाच नाक्यावर आल्या म्हणजे लोक त्यांची चाके एकमेकांना बांधून टाकीत, आणि मग जो बँड हरला असे गर्दी ठरवील त्याला खाली मान घालून जावे लागे. इतकेच काय, प्रेतयात्रेतही बँड असे. स्मशानाकडे जाताना तो अत्यंत संथ आणि शोकाकुल सूर वाजवी. परत फिरताना मात्र तोच बँड असा उसळून वाजू लागे की मागून चालणारी मुले उड्या मारीत नाचू लागत.

या बँडमधून विसाव्या शतकाच्या आरंभी जे नवे संगीत जन्मले, त्याला पुढे जॅझ असे नाव पडले. कागदावर लिहिलेले सूर जसेच्या तसे वाजविणे हा त्याचा धर्म नव्हे. आपल्याकडचा गवई एकच चीज दर बैठकीत निराळ्या रीतीने फुलवितो. तसे जॅझमधील वादक मूळ चाल मनात ठेवून तिच्याभोवती आयत्या वेळी सुचेल तसे सूर गुंफतात. त्यातही नवल असे की त्या काळी हे काम एकट्याने नव्हे, तर तिघाचौघांनी एकदमच करावयाचे असे. कॉर्नेट मुख्य चाल सांभाळी, क्लॅरिनेट तिच्या वरून वेलीसारखी वळणे घेई, ट्रॉम्बोन खालून आधार देई. आणि असे असूनही गोंधळ होत नसे.

या कॉर्नेटवाल्यांत जो सर्वांत श्रेष्ठ ठरे त्याला लोक ‘राजा’ म्हणत. पहिला राजा बडी बोल्डन. त्याच्या वाद्याचा आवाज मैलोगणती ऐकू जाई, असे सांगणारे लोक पुष्कळ होते. परंतु १९०७ साली त्याला बुद्धिभ्रंश झाल्यामुळे वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले, आणि तेथेच १९३१ साली तो वारला. त्याच्या वादनाची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. त्याच्यामागून काही वर्षांनी ज्याला हे पद मिळाले, तोच आपल्या या पाठाचा नायक, जोसेफ ऑलिव्हर.

ऑलिव्हरचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात, लुइझियाना राज्यातच झाला. त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेलेली होती. त्यामुळे टोपी त्या डोळ्यावर ओढून घेण्याची त्याला सवय होती. तरुणपणी तो दिवसा गोऱ्या लोकांच्या घरी चाकरी करी आणि सायंकाळी बँडमध्ये वाजवी. त्याची प्रगती फार मंद होती. कित्येक वर्षे त्याला कोणी विशेष मानीत नसे. पण सावकाश पेटणाऱ्या लाकडाचा निखारा जसा पुष्कळ वेळ टिकतो, तसे त्याचे झाले. किड ओरी नावाच्या ट्रॉम्बोनवादकाच्या बँडमध्ये तो वाजवू लागला तेव्हा ओरीने जाहिरातीत त्याच्या नावामागे ‘राजा’ हा किताब लावला, आणि तो लोकांनी मान्य केला.

ऑलिव्हरची खरी हातोटी सूर बदलण्यात होती. कॉर्नेटच्या तोंडापुढे तो कधी पेला धरी, कधी बाटली, कधी लहान बादली, तर कधी आपली टोपी. आणि ती वस्तू जवळ-दूर करून वाद्यातून माणसाच्या आवाजाचे भास काढी. त्याचे कॉर्नेट रुसलेल्या मुलासारखे मुसमुसत रडे. मोठमोठे वादक जवळ जाऊन पाहत. एरवी घरातल्याच असणाऱ्या वस्तू, पण त्यांतून असा आवाज काढणे त्यांना साधत नसे.

त्याच्या बँडची मिरवणूक निघाली की मागून चालणाऱ्या मुलांत एक काळासावळा, हसऱ्या तोंडाचा पोरगा हटकून असे. त्याचे नाव लुई आर्मस्ट्राँग. तो १९०१ साली न्यू ऑर्लिन्सच्या अत्यंत दरिद्री वस्तीत जन्मला. बाप घर सोडून गेलेला. आई मिळेल ते काम करून दोन मुलांना वाढवीत होती. लहानग्या लुईला भंगार आणि कोळसा विकणाऱ्या कार्नोफ्स्की नावाच्या ज्यू कुटुंबाच्या गाडीवर काम मिळाले होते. लोकांचे लक्ष वेधण्यासाठी गाडीवर पत्र्याचे शिंग असे. ते लुई फुंकी. त्या कुटुंबाने त्याच्याशी मायेने वागून त्याला जेवू घातले. गहाणवट मालाच्या दुकानातले एक जुने कॉर्नेट त्याने घेतले तेही त्यांनी उचल दिलेल्या पैशांतून.

पुढे एक विपरीत घडले. १९१२ सालची अखेरची रात्र होती. नव्या वर्षाच्या स्वागतार्थ गावात जो तो आवाज करीत होता. अकरा वर्षांच्या लुईने घरातले पिस्तूल आणून रस्त्यात बार काढला. पोलिसांनी त्याला धरले, आणि न्यायाधीशांनी त्याला काळ्या मुलांच्या सुधारगृहात पाठविले. तेथे पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक मुलांचा बँड चालवीत. आरंभी ते लुईकडे संशयाने पाहत. पण हळूहळू त्यांनी त्याला एकामागून एक वाद्य हाती दिले आणि शेवटी कॉर्नेट दिले. १९१४ साली लुई सुधारगृहातून बाहेर पडला तेव्हा त्याला आपल्या आयुष्यात काय करावयाचे हे कळले होते. मात्र पोटासाठी त्याला कोळशाची गाडीच हाकावी लागली.

याच सुमारास ऑलिव्हरने त्याला जवळ केले. खरे पाहता त्याला तसे करण्याचे कारण नव्हते. कॉर्नेटवाल्यांत एवढी चुरस असे की काहीजण आपली बोटे कोणाला दिसू नयेत म्हणून वाजविताना हातावर रुमाल टाकीत. पण ऑलिव्हरने या मुलाला घरी बोलाविले, कठीण जागा समजावून दिल्या, चुकले तेथे खडसावले. लुई त्याच्या बायकोची, स्टेलाची, बाजारहाटाची कामे करी आणि तिच्या हातचा तांबड्या घेवड्याचा रस्सा व भात पोटभर खाई. हे जेवण त्याला इतके आवडे की पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही तो पत्राच्या शेवटी सहीपूर्वी ‘आपला घेवडाभाताचा’ अशा अर्थाचे गमतीदार शब्द लिहीत असे. एके दिवशी ऑलिव्हरने स्वतः वापरलेले एक कॉर्नेट लुईला देऊन टाकले. लुईने ते जिवापाड जपले. तो ऑलिव्हरला ‘पापा जो’ म्हणू लागला. बापाचे सुख ज्याला ठाऊक नव्हते त्या मुलाच्या तोंडी हा शब्द किती मोलाचा असेल, याची कल्पना करा.

१९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, न्यू ऑर्लिन्समधील नाचगृहांची एक मोठी वस्ती सरकारी हुकमाने बंद झाली. काम कमी झाले. शिवाय त्या काळात दक्षिणेतील लक्षावधी काळी माणसे अपमान आणि दारिद्र्य यांना कंटाळून उत्तरेकडच्या कारखान्यांच्या शहरांकडे निघाली होती. त्या लोंढ्याबरोबर ऑलिव्हरही शिकागोला गेला. ओरीच्या बँडमधली त्याची रिकामी जागा लुईला मिळाली. लुईने पुढे दोन-तीन वर्षे मिसिसिपीवर चालणाऱ्या आगबोटींवरील बँडमध्ये काम केले आणि तेथे कागदावरचे सूर वाचण्याचा सराव केला. इतर गावांहून त्याला बोलावणी येत; पण न्यू ऑर्लिन्स सोडावयाचे तर पापा जोने बोलाविले तरच, असे त्याने मनाशी ठरविले होते.

ते बोलावणे १९२२ च्या ऑगस्टमध्ये तारेने आले. ऑलिव्हरला आपल्या बँडमध्ये दुसरा कॉर्नेटवादक हवा होता. आईने लुईला वाटेत खाण्यासाठी पावात मासळी घालून दिली. दक्षिणेतील काळ्या प्रवाशाला वाटेत कोणत्या खाणावळीत प्रवेश मिळेल याचा भरवसा नसे, म्हणून शिदोरी लागे. शिकागोत थंडी फार असते असे ऐकून तिने भर उन्हाळ्यात त्याला लोकरीचे आतले कपडेही घालावयास लावले! गाडी रात्री पोचली. स्टेशनवर कोणी ओळखीचे दिसेना, कारण ऑलिव्हर तोपर्यंत कामावर गेला होता. शेवटी लुई विचारपूस करीत लिंकन गार्डन्स नावाच्या नाचगृहापाशी आला. आतून बँडचा आवाज येत होता. तो इतका सुरेख होता की लुईचे पाय दाराशीच थबकले. या लोकांत आपला निभाव कसा लागावा, असे त्याला वाटले. अखेर ऑलिव्हरनेच त्याला आत आणले आणि आपल्या शेजारी जागा दिली.

पुढील दीड-दोन वर्षे ती जागा शिकागोतील वादकांची जणू पाठशाळाच झाली. ऑलिव्हर व लुई यांची एक युक्ती पाहून तर लोक थक्क होत. गाणे चालू असता मध्येच सारा बँड एकदम थांबे, आणि त्या क्षणभराच्या शांततेत दोन कॉर्नेटे एकमेकांत सूर मिसळून एक नवीच लकेर घेत. ती कोठेही लिहिलेली नसे, आणि रोज निराळी असे. मग दोघांना ती एकदम कशी सुचते? त्यातले मर्म असे की, बँड वाजत असतानाच ऑलिव्हर पुढे यावयाची लकेर हळूच वाजवून दाखवी. लुई ती तेवढ्यात टिपून घेई आणि तिच्याशी जुळणारा दुसरा सूर मनात बांधून तयार राही. नृत्य करणाऱ्या गर्दीला यातले काहीच कळत नसे. रात्री उशिरा आपापली कामे आटोपून गोरे वादकही तेथे ऐकावयास येऊन बसत.

५ आणि ६ एप्रिल १९२३ या दिवशी हा बँड इंडियाना राज्यातील रिचमंड गावी गेला. तेथे पियानोच्या एका कारखान्याच्या आवारात जेनेट कंपनीची ध्वनिमुद्रणाची खोली होती. खोलीला लागूनच रेल्वेचा रूळ होता. गाडी आली की मुद्रण थांबवावे लागे. त्या वेळी विजेचा ध्वनिग्राहक प्रचारात नव्हता. भिंतीतून बाहेर आलेल्या एका मोठ्या कर्ण्यासमोर सर्वांनी उभे राहून वाजवावयाचे, आणि त्या आवाजाच्या धक्क्याने मेणाच्या तबकडीवर सुई रेघ कोरीत जावयाची, अशी रीत होती. ढोलाचा दणका पडला तर सुई उडे. म्हणून बेबी डॉड्स या ढोलवाल्याला लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागले. लुईचा आवाजही तसाच प्रबळ. तो ऑलिव्हरशेजारी उभा राहिला तर गुरूचा सूर ऐकूच येईना. तेव्हा त्याला कर्ण्यापासून बारा-पंधरा फूट मागे, एका कोपऱ्यात उभे करण्यात आले. बँडमध्ये पियानो वाजविणाऱ्या लिल हार्डिन हिने पुढे सांगितले आहे की, लुई तेथे अगदी खिन्न दिसत होता. तिने त्याच्याकडे पाहून धीराचे स्मित केले. तिच्या मनात मात्र एक विचार चमकून गेला : ज्याला एवढे दूर उभे करावे लागते, तो ऑलिव्हरपेक्षा श्रेष्ठच असला पाहिजे.

त्या दोन दिवसांत तयार झालेल्या तबकड्यांपैकी ‘डिपरमाउथ ब्लूज’ या चिजेत ऑलिव्हरने एकट्याने तीन फेरे वाजविले आहेत. सूर थोडेच, पण प्रत्येक सूर बोलणारा. पुढे ती चीज वाजविताना हेच तीन फेरे वाजवावयाचे, असा कॉर्नेट व ट्रंपेट वाजविणाऱ्यांत जणू प्रघातच पडला. ‘चाइम्स ब्लूज’ या दुसऱ्या चिजेत लुईलाही स्वतंत्रपणे वाजविण्याची संधी मिळाली. तबकडीवर उमटलेले त्याचे ते पहिले एकल वादन.

आता लुई आपल्यापुढे जाणार हे ऑलिव्हरला दिसत नव्हते काय? दिसत होते. लिलजवळ तो एकदा तसे बोललाही; पण त्याचबरोबर, लुई माझ्यापाशी आहे तोवर तो माझ्यापुढे जाणार नाही आणि राजा मीच राहीन, असेही त्याने म्हटले. हे वाचून तुम्हांला कदाचित वाईट वाटेल. ज्याने मुलाला आपले वाद्य दिले, त्यानेच असे म्हणावे? पण माणसाचे मन एकाच सुराचे नसते. लुईला दाराशी ताटकळत न ठेवता आत नेणारा ऑलिव्हर खरा, आणि सिंहासन हातचे जाईल म्हणून धास्तावलेला ऑलिव्हरही खराच. पैशाच्या हिशेबातही तो फार कडक होता. त्यावरून बँडमध्ये तंटे होऊन काही चांगले वादक त्याला सोडून गेले.

१९२४ साली लिल आणि लुई यांचा विवाह झाला. दुसऱ्याच्या सावलीत तू किती दिवस उभा राहणार, असे ती त्याला वारंवार विचारी. लुईला तो प्रश्न ऐकवत नसे. पण अखेर त्याच वर्षी त्याने पापा जोचा निरोप घेतला आणि तो न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये गेला. तेथे १९२५ साली ‘डिपरमाउथ ब्लूज’ ही चीज नव्या नावाने मुद्रित झाली, तेव्हा लुईने आपल्या वाट्याला आलेल्या जागी वाजविले ते ऑलिव्हरचेच वळण.

यानंतर शिष्याची कीर्ती झपाट्याने वाढत गेली. तबकड्यांतून त्याचे वादन देशोदेशी पोचले. आपल्या मुंबईतही ते पोचले. गोव्यातील हळदोणे गावच्या आंतोनियो झेवियर वाझ या ट्रंपेटवादकाने १९४० नंतरच्या काळात ताजमहाल हॉटेलात आपल्या बँडसह मोठा लौकिक मिळविला. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कलावंताला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. संगीतकार सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतालाही त्याचा हातभार लागला.

गुरूचे नशीब मात्र उतरणीला लागले. १९२७ साली ऑलिव्हर बँड घेऊन न्यूयॉर्कला आला. तेथील कॉटन क्लब या प्रसिद्ध नाचगृहाने त्याला बोलाविले होते. पण देऊ केलेले पैसे त्याला कमी वाटले आणि त्याने नकार दिला. ते काम ड्यूक एलिंग्टन या तरुणाने पत्करले, आणि तेथून आकाशवाणीवर होणाऱ्या कार्यक्रमांमुळे तो अल्पावधीत देशभर गाजला. ऑलिव्हरचा हा एक नकार त्याला फार महाग पडला.

त्याहून मोठे संकट त्याच्या तोंडातच दबा धरून बसले होते. ऑलिव्हरला गोड फार आवडे. पावावर साखर पसरून तो खात असे. दातांकडे त्याने कधी लक्ष दिले नाही. हिरड्या सुजल्या, त्यांतून पू येऊ लागला, दात हलू लागले. ओठांचा आधारच गेल्यावर कॉर्नेट वाजावे कसे? १९३० च्या सुमारास ज्या तबकड्यांवर त्याच्या बँडचे नाव छापले जाई, त्यांतील कित्येकांत कॉर्नेट वा ट्रंपेट वाजविणारा दुसराच कोणी असे, आणि ऑलिव्हर नुसता बँडपुढे उभा राही. १९३१ नंतर त्याच्या तबकड्या निघाल्याच नाहीत. त्यातच आर्थिक मंदीच्या लाटेत शिकागोतील बँक बुडून त्याची सारी पुंजी गेली.

तरीही त्याने हाय खाल्ली नाही. एक जुनी मोटारगाडी आणि काही तरुण वादक घेऊन तो दक्षिणेतील गावोगाव हिंडू लागला. गाडी वाटेत बंद पडे. ठरलेले पैसे हाती येत नसत. वादक एकेक करून सोडून जात. अखेर जॉर्जिया राज्यातील सव्हाना गावी हा प्रवास थांबला. तेथे एका बिलियर्ड खेळण्याच्या जागी त्याला झाडलोट करण्याचे काम मिळाले. सकाळी नऊला ती जागा उघडावयाची आणि मध्यरात्री बंद करावयाची. तेथून त्याने आपल्या बहिणीला लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झाली आहेत. त्यांत रडगाणे नाही. रक्तदाब वाढला आहे, उपचार परवडत नाहीत म्हणून बंद केले आहेत, असे तो सहज कळवितो; आणि न्यूयॉर्कच्या तिकिटासाठी डब्यात नाणी साठवीत आहे, त्यांत एक डॉलर साठ सेंट जमले आहेत, ते मी खर्चणार नाही, असे मोठ्या उमेदीने सांगतो.

१९३७ साली लुईचा बँड कार्यक्रमासाठी सव्हानाला गेला. आता लुई छत्तीस वर्षांचा होता आणि त्याचे नाव जगभर झाले होते. गावात फिरत असताना रस्त्यालगत भाजी विकणारा एक वृद्ध त्याच्या दृष्टीस पडला. पाहतो तो पापा जो! लुईच्या डोळ्यांत पाणी आले. खिशात होते तेवढे पैसे त्याने गुरूच्या हातात ठेवले. बँडमधील इतरांनीही, ज्यांतले काही एके काळी ऑलिव्हरच्या हाताखाली वाजवीत, आपापल्या परीने भर घातली. त्या रात्री लुई रंगमंचावर चढला आणि त्याची नजर बाजूच्या पडद्याआड गेली. तेथे ऑलिव्हर उभा होता. नवे कपडे, नवी टोपी, चकचकीत बूट. न्यू ऑर्लिन्सचा राजा पूर्वी दिसे तसाच. मिळालेल्या पैशांतून त्याने आधी हे केले होते. उसन्या दयेने नव्हे, तर बरोबरीच्या माणसासारखे त्याला ते वादन ऐकावयाचे होते.

एप्रिल १९३८ मध्ये ऑलिव्हर सव्हाना येथे वारला. न्यूयॉर्कचे तिकीट त्याला काढता आले नव्हते. बहिणीने घरभाड्यासाठी ठेवलेले पैसे खर्चून त्याचा देह तेथे नेला. वुडलॉन स्मशानभूमीत त्याला पुरले तेव्हा लुई हजर होता. थडग्यावर दगड बसविण्याइतके पैसे बहिणीपाशी उरले नव्हते. तो दगड पुष्कळ वर्षांनी जॅझच्या चाहत्यांनी बसविला.

१९५९ साली लुई आर्मस्ट्राँगने ऑलिव्हरच्या स्मरणार्थ एक संपूर्ण तबकडी मुद्रित केली. तिच्यात ‘चाइम्स ब्लूज’ ही चीजही होती. या वेळी खोलीत कर्णा नव्हता, ध्वनिग्राहक होता; आणि अठ्ठावन्न वर्षांचा लुई त्याच्या अगदी समोर उभा राहून वाजवीत होता.